दुकानातलं कासव आणि भिंतीवरची पाल

पत्र

ताई, माझा मुलगा ६ वर्षांचा आहे, पहिलीत. न्यू जर्सीला राहणाऱ्या त्याच्या मावसभावाकडे बिअर्डेड ड्रॅगन नावाचा सरडा आहे. व्हिडिओ कॉलवर तो भावाच्या खांद्यावर बसलेला दिसला आणि तेव्हापासून आमच्याकडे एकच धोशा सुरू आहे, मला पण असा प्राणी हवा. कुत्रा-मांजर आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये जमणार नाही. जवळच्या दुकानात हिरवी, कानाशी लाल पट्टा असलेली इवलीशी कासवं मिळतात. दुकानदार म्हणतो, काही करावं लागत नाही, फार वाढतही नाहीत. माझे दीर म्हणतात, ती नकोत, माझ्या ओळखीचा एक जण पाठीवर चांदण्या असलेलं कासव आणून देईल, ते घरात असलं की भरभराट होते. मार्चमध्ये वाढदिवस आहे, तेव्हा द्यायचं चाललंय. सासूबाई ७२ वर्षांच्या, त्यांना मधुमेह आहे. त्यांना कासव चालेल, पण पाल-सरडा डोळ्यांसमोर नको. धाकटी दीड वर्षाची आहे, सगळं तोंडात घालते, पण तिचं आम्ही बघून घेऊ. तरी मनात शंकेची पाल चुकचुकते आहे, म्हणून विचारते, यातलं कोणतं घेऊ?

– एक आई, कोथरूड

ता. क. घरातल्या पाली विषारी असतात का? दुधात पडली तर विष होतं म्हणतात.

उत्तर

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. धाकटी सगळं तोंडात घालते, पण तिचं आम्ही बघून घेऊ. मी तिथेच थांबले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. उत्तर आधी सांगते, कारणं मागून. निदान धाकटी ५ वर्षांची होईपर्यंत कासव, सरडा, पाल, साप यांतलं काहीही घरात आणू नका. दुकानातलं नको, दीरांच्या ओळखीतलं तर नकोच नको.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असतात. प्राण्याला त्यांचा काही त्रास नसतो. तो ठणठणीत दिसतो आणि खरोखरच ठणठणीत असतो. पण विष्ठेतून जंतू बाहेर पडत राहतात. कासव पाण्यात राहणारं असेल, तर ते पाणी, कासवाची पाठ, पाय, टँकची काच, सगळ्याला ते लागलेले असतात. तुम्हाला-मला बाधा झाली तर ताप, जुलाब, पोटात कळा येतील आणि बहुतेक वेळा आठवड्याभरात आपण उठून कामाला लागू. दीड वर्षाच्या बाळाच्या मात्र रक्तात ते उतरू शकतात, क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात. अमेरिकेत छोट्या कासवांमुळे इतकी मुलं आजारी पडली की १९७५ साली तिथल्या सरकारने ४ इंचांपेक्षा लहान पाठ असलेली कासवं पाळण्यासाठी विकायलाच बंदी घातली. त्याहून लहान कासव मूल सरळ तोंडात घालू शकतं, म्हणून ४ इंच. तिथल्या आरोग्य खात्याचा आजचा सल्लाही तोच आहे. ५ वर्षांखालचं मूल, ६५ वर्षांवरचं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी घरात असेल, तर सरपटणारा प्राणी पाळू नये. तुमच्याकडे दीड वर्षाचं बाळ आहे आणि ७२ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या सासूबाई आहेत.

तुम्ही बघून घ्याल यात मला शंका नाही. आई म्हणून तुमचं लक्ष चोवीस तास तिच्यावर असेलच. पण हे जंतू बाळाने कासवाला हात लावला तरच जातात असं नाही. दादा कासवाला हात लावेल आणि त्याच हाताने तिला बिस्किटाचा तुकडा भरवेल. टँकचं पाणी तुम्ही स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ओताल, कारण फ्लॅटमध्ये दुसरीकडे कुठे ओतणार, आणि त्याच बेसिनमध्ये संध्याकाळी तिची दुधाची बाटली धुतली जाईल. बाळावर नजर ठेवता येते, पण घरातल्या प्रत्येक हातावर दिवसभर कोण नजर ठेवणार?

आता दीरांचं कासव. ते ज्याबद्दल बोलताहेत ते स्टार कासव. काळसर पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या, दिसायला फार देखणं. ते आपल्याच देशाचं आहे. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळांवर, आंध्र-तमिळनाडूच्या झुडपी रानात आणि श्रीलंकेत राहतं. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ते पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. ते विकत घेणं, भेट म्हणून घेणं, घरात ठेवणं हे सगळे गुन्हे आहेत. शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, वर किमान २५ हजार रुपये दंड. २०१९ पासून जगभरातच त्याच्या व्यापारावर बंदी आहे. अशी बंदी घालावी लागली, कारण मोज्यांत, पिशव्यांत, सामानात कोंबून ही कासवं परदेशी पाठवली जातात आणि वाटेत कितीतरी मरतात. 'ओळखीचा माणूस' म्हणजे त्या साखळीचं शेवटचं टोक, आणि ते तुमच्या दाराशी येतंय.

दिरांशी वाद घालू नका. ते पुतण्याच्या प्रेमापोटी करताहेत. त्यांना सरळ म्हणा, "भाऊजी, तुमचा जीव आहे त्याच्यावर, मला माहीत आहे. पण हे कासव घरात सापडलं तर केस तुमच्या दादांवर होईल, जामिनासाठी धावाधाव होईल. तुम्ही त्याला मार्चमध्ये दुसरं काहीतरी द्या, मी सांगते काय." ते दुसरं काहीतरी काय, ते पुढे लिहिलं आहे. भरभराटीचं म्हणाल तर आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर कासव असतं ते दगडाचं. हातपाय, डोकं आत ओढून शांत बसलेलं, आवरून घेतलेल्या इंद्रियांची खूण. तिथे थांबून आपण नमस्कार करतो आणि मग आत जातो. त्या अर्थाने कासव घरात हवं असेल तर सासूबाईंना एक दगडी किंवा पितळी कासव आणून द्या, त्या मनापासून पूजतील. जिवंत कासवाला टाइल्सच्या फरशीवर, ट्यूबलाइटखाली डांबून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. माझ्या आजोळी विहिरीत एक कासव होतं, पाणी स्वच्छ राहतं म्हणून कुणीतरी सोडलेलं. तेव्हा त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही. आज विहिरीतलं, ओढ्यातलं, पावसाळ्यात रस्त्यावर आलेलं आपलं गावठी कासवसुद्धा कायद्याने संरक्षित आहे. मुलाला असं एखादं सापडलं तर घरी आणू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

दुकानातल्या लाल कानाच्या कासवाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तेच सगळ्यात जास्त घरांत जातं आणि तेच माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात सगळ्यात वाईट अवस्थेत येतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक गृहस्थ स्कूटरवरून आले, मागे सात वर्षांची मुलगी, तिच्या मांडीवर आइस्क्रीमचा रिकामा डबा. डब्यात दोन बोटं पाणी आणि त्यात हे कासव. डोळे सुजून बंद झालेले, पापण्या फुगून चण्याएवढ्या. मी पाठीवर अंगठा ठेवून हलकेच दाबलं तर पाठ आत गेली, नखं बराच वेळ पाण्यात भिजली की जशी लवतात तशी. जिवंत कासवाची पाठ अशी दबता कामा नये. ती हाडाची असते, बरगड्या आणि मणकाच तिथे पसरून ढाल झालेला असतो. विचारलं तर कळलं, कासव ओट्यावर, खिडकीपासून लांब ठेवायचे. खायला दुकानातून मिळालेली सुकी कोळंबी, रोज, दुसरं काही नाही. म्हणजे ऊन नाही, म्हणून कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचत नाही. पालेभाजी नाही, म्हणून अ जीवनसत्त्व नाही, म्हणून डोळे सुजतात. डोळे मिटले की कासव खात नाही, कारण ते बघून खातं. "आम्ही खिडकीच्या काचेजवळ ठेवलं असतं तर?" असं वडिलांनी विचारलं. त्यानेही भागलं नसतं. हाडांना लागणारे किरण काच अडवते, काचेतून आत येते ती फक्त ऊब. मी औषधं दिली, इंजेक्शनं दिली, उन्हात कसं ठेवायचं ते दाखवलं. अकराव्या दिवशी ते गेलं. मुलीने मला विचारलं, "मी त्याला रोज खाऊ दिला होता ना?" दिला होता, आणि तो मोजून दिला होता. तिने एका वहीत रोजच्या कोळंबीचा आकडा लिहून ठेवला होता. तिची काही चूक नव्हती. सात वर्षांच्या मुलीला काय माहीत असणार? ज्याने विकलं त्याने सांगायला हवं होतं, आणि त्याने सांगितलं होतं, काही करावं लागत नाही.

तुमचा दुकानदारही तेच सांगतोय. ते कासव आज पाच रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं दिसतं. पोटभर खाऊन, नीट वाढून मादी २५ ते ३० सेंटिमीटरची होते, जेवणाच्या ताटाएवढी. छोट्या भांड्यात छोटंच राहतं म्हणतात ते खरं नाही. छोट्या भांड्यात ते कुपोषित राहतं आणि लवकर मरतं. पूर्ण वाढलेल्या कासवाला ४०० लिटरच्या आसपास पाणी लागतं. नुसत्या त्या पाण्याचं वजन ४०० किलो झालं. शिवाय घाण ओढून घेणारा मोठा फिल्टर, बाहेर येऊन अंग वाळवायला कोरडी जागा, तिथे ऊब देणारा एक दिवा आणि उन्हातले किरण देणारा दुसरा दिवा. हे सगळं केलंत तर ते २०-३० वर्षं जगेल. मुलगा कॉलेजला जाईल, नोकरीला लागेल, कदाचित बहिणीचं लग्नही होईल, आणि तुम्ही दर आठवड्याला टँक उपसत असाल.

बहुतेक घरं इतकी वर्षं थांबत नाहीत. दीड-दोन वर्षांत वास सुटतो, पाहुणे नाकं मुरडतात आणि मग एका रविवारी सगळे मिळून कासवाला तळ्यात 'सोडून' येतात. मूल टाटा करतं. पुण्य केल्यासारखं वाटतं. पण हे कासव मूळचं अमेरिकेतलं आहे. आपल्या तळ्यात ते आपल्या कासवांच्या ऊन खायच्या जागा बळकावतं, त्यांचं खाणं खातं, त्यांना नवे रोग देतं. जगात सगळ्यात जास्त उपद्रव करणाऱ्या १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. तुमच्या ओळखीत कुणाकडे असं कासव असेल आणि ते आता नको झालं असेल, तर पाषाणच्या तळ्यात नेऊ नका म्हणून सांगा. १९२६ ला फोन करून कुठे द्यायचं ते विचारायला सांगा.

न्यू जर्सीच्या सरड्याचं थोडक्यात सांगते. बिअर्डेड ड्रॅगन हा माणसाला लवकर सरावणारा, दिवसा जागा असणारा, शांत प्राणी आहे. तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. ऑस्ट्रेलियाने आपले प्राणी असे परदेशी विकणं कधीच बंद केलं आहे, त्यामुळे अमेरिकेत मिळतात ते पिढ्यान्‌पिढ्या घरांतच जन्मलेले. त्याला चार फुटी काचेची पेटी लागते, एका टोकाला ४० अंशांच्या आसपास तापणारी बसायची जागा लागते, रोज पालेभाजी आणि जिवंत किडे लागतात, आणि आजारी पडला तर सरड्यांचं कळणारा डॉक्टर लागतो. मावसभावाकडे हे सगळं आहे आणि कॅमेऱ्यात दिसत नसले तरी त्यामागे त्याचे आईबाबा आहेत. तुमच्या मुलाला स्क्रीनवर फक्त खांद्यावर बसलेला सरडा दिसला. तुमच्या बहिणीला पुढच्या कॉलला सांगा की पेटीची साफसफाई दाखव, रातकिड्यांचा डबा दाखव, आणि सरडा खाली ठेवल्यावर मुलाला साबणाने हात धुताना दाखव. असेच हौसेने पाळले जाणारे आणखी दोन प्राणी. इग्वाना हा सरडा पाच फुटांपर्यंत वाढतो आणि शेपटीचा फटका मारतो. बॉल पायथन अजगर आहे. या दोन्ही परदेशी प्राण्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. हे दोन्ही प्राणी मी लहान मुलांच्या घरासाठी विचारातही घेत नाही.

मुलाला काय हवंय ते तुम्ही ओळखलं असेलच. त्याला त्याचा स्वतःचा एक प्राणी हवाय, ज्याचं नाव त्याने ठेवलं आहे आणि जो त्याला ओळखतो. सरपटणारा प्राणी यातलं शेवटचं फार थोडं देतो. तो जवळ घ्यायचा प्राणी नाही, बघायचा प्राणी आहे. तुम्ही अंगावर घेतलंत तर सहन करतो, गरम हात म्हणून बसतो, पण त्याला कुरवाळलेलं आवडत नसतं. सहा वर्षांच्या मुलाला ते पटायला वेळ लागतो. पण बघण्यातली गोडी एकदा लागली की हीच मुलं तासन्‌तास बसून बघतात, आणि तुमच्या घरी बघायला एक सरपटणारा प्राणी आधीपासूनच आहे.

सासूबाईंनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल. मी घरातल्या पालीबद्दल बोलते आहे.

आज संध्याकाळी दिवे लागल्यावर बाल्कनीच्या काचेच्या दाराशी मुलाला घेऊन उभ्या राहा. पाल काचेच्या बाहेरच्या बाजूला, दिव्याच्या उजेडात येणाऱ्या किड्यांसाठी टपून बसलेली असेल. आतून तिचं पोट दिसेल. मोबाइलचा टॉर्च लावा. मादी असेल आणि दिवस असतील तर पातळ कातडीतून दोन पांढरे गोल दिसतील, एकेका बाजूला एक. ती अंडी. एका वेळेला दोनच. नंतर ती खिडकीच्या चौकटीच्या फटीत, मीटरच्या पेटीमागे, जुन्या फोटोच्या मागे सापडतील, वाटाण्याएवढी, टणक कवचाची. तिच्या बोटांखाली बघा, आडव्या आडव्या पट्ट्या दिसतील. त्यांवर डोळ्यांना न दिसणारे बारीक केस असतात, काचेवर ती उलटी चालते ती त्यांच्या जोरावर, गोंद वगैरे काही नसतो. पापण्या नसतात तिला, म्हणून ती जिभेने डोळे पुसते. मुलाने हे एकदा पाहिलं की तो शाळेत दहा जणांना सांगेल. पतंग पकडतानाचा तो एक क्षण, आधी शेपटीचं टोक हलतं, मग झडप. मी पन्नाशी ओलांडली, तरी अजून मला तो बघायला आवडतो.

त्याला एक वही द्या. पाल कुठे बसली, किती वाजता आली, काय पकडलं, शेपूट आहे की तुटून नवी येतेय. नाव त्यालाच ठेवू द्या. हात लावायचा नाही, हा एकच नियम, कारण पालीच्या अंगावरही ते जंतू असू शकतात. पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्यात सोसायटीच्या कुंपणावर सरडा दिसेल, नराची मान आणि गळा लालभडक झालेला, पुढचे पाय ताठ करून जोर काढल्यासारखं अंग वरखाली करणारा. त्याचंही एक पान असू दे.

आता मार्चचा वाढदिवस. दीरांना सांगा, पुतण्याला वेळासला घेऊन चला. मंडणगडमार्गे कोकणात उतरलं की समुद्रकाठी हे गाव लागतं. तिथे ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या माद्या रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालून जातात. पूर्वी ही अंडी चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून ती वाचवायला सुरुवात केली. अंडी उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात, वर टोपली पालथी घालतात. साधारण ५० दिवसांनी पिल्लं निघतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघतात. पिल्लं असली तर ती वाळूवर सोडतात, सगळे दोरीच्या मागे उभे राहतात आणि तळहातावर मावेल एवढं ते करडं-काळं पिल्लू वल्ह्यासारखे पाय मारत, थांबत, परत मारत लाटेपर्यंत जातं. पहिली लाट त्याला मागे फेकते. ते पुन्हा निघतं. मुक्काम गावातल्याच घरी असतो, जेवण घरचं. पिल्लं नक्की दिसतीलच असं नाही, हे मुलाला आधी सांगून ठेवा आणि दोन दिवस काढून जा. धाकटीचाही तिथे काही प्रश्न नाही, ती दोरीच्या मागे कडेवर असेल.

इतक्या लांब जमलं नाही तर कात्रजचं प्राणिसंग्रहालय आहेच. तिथलं सर्पोद्यान १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांनी सुरू केलं. बुधवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा. सकाळी उघडल्या उघडल्या जा. तेव्हा मगर आणि कासवं ऊन खायला बाहेर आलेली असतात, दुपारी सगळी सावलीत लपतात. ऊन का खातात हे त्याला तिथेच विचारा. त्यांचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही, हे त्याला मगरीसमोर उभं राहून जितकं समजेल तितकं पुस्तकातून समजणार नाही.

मुलाला 'नाही' कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तिथेच अडेल. कासव चावतं, पोलीस पकडून नेतील, अशी भीती घालू नका. 'नंतर बघू' असं म्हणून टाळूही नका. खरं सांगा. "छोटी अजून सगळं तोंडात घालते, कासवामुळे ती आजारी पडू शकते. ती पाच वर्षांची झाली की आपण परत बसून बोलू. तेव्हा तू साडेनऊ वर्षांचा असशील." कॅलेंडरवर ते वर्ष लिहून दाखवा. रडेल. रडू दे.

आणि ते वर्ष उजाडेल तेव्हा त्याची हौस टिकलेली असली, आणि सासूबाईंचं वय, मधुमेह बघून त्यांच्या डॉक्टरांनी होकार दिला, तर माझं मत लेपर्ड गेकोच्या बाजूने असेल. ही पिवळट, काळ्या ठिपक्यांची, वीतभर लांबीची पाल. हिला पापण्या असतात, त्यामुळे ती डोळे मिटून झोपते, आणि बोटांना चिकटायच्या पट्ट्या नसतात म्हणून काचेवर चढून पळत नाही. दिवसा लपून बसते, संध्याकाळी बाहेर येते, म्हणजे शाळा, गृहपाठ आटोपल्यावर. शेपटीत चरबी साठवते, शेपूट जाड असली की तब्येत चांगली. शेपूट ओढली तर तुटते, नवी येते पण आधीसारखी नाही, म्हणून धरताना खालून तळहात लावायचा. तिला दोन-अडीच फुटांची पेटी पुरते, एक बाजू ३२ अंशांच्या आसपास उबदार, दुसरी थंड, लपायला दोन जागा आणि कात टाकताना लागणारी एक ओलसर जागा. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थंडी पडते आणि वीज गेली की तिची ऊब जाते, ते लक्षात ठेवावं लागतं. ती १५ वर्षं सहज जगते. ती पालेभाजी खात नाही, जिवंत रातकिडे आणि मीलवर्म नावाच्या अळ्या खाते, कॅल्शियमची पावडर लावून. तो डबा घरात ठेवायची तुमची आणि सासूबाईंची तयारी आहे का, हे सगळ्यात आधी ठरवा. नसेल तर त्यात कमीपणा काही नाही, पण मग हा प्राणी तुमच्या घरचा नाही.

तेव्हाही घाई नको. घरात जन्मलेली आहे याची पावती आणि कागद देणाऱ्याकडूनच घ्या, आणि घेण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन तेव्हाचे नियम विचारा. रानातून पकडून आणलेली मुळीच नको. हिच्या चुलतबहिणी आपल्या महाराष्ट्रातच रानात राहतात. सातपुड्यातल्या एका जातीची तर शास्त्रात नोंदच २०१४ साली झाली. विषारी समजून लोक त्यांना मारतात, आणि आता विकण्यासाठी पकडायला लागले तर त्या उरणार नाहीत. पेटी आणण्याआधी सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर गाठून ठेवा. कुत्र्या-मांजराचे सगळेच डॉक्टर हे करत नाहीत, फोन करून विचारायला लाजू नका.

आणि त्याची तयारी कशी ओळखाल? तुळशीला रोज सकाळी पाणी घालायचं काम आजच त्याच्याकडे द्या. सहा महिने कुणीही आठवण न करता त्याने घातलं, तर साडेनऊला तो रातकिड्यांनाही विसरणार नाही. तरी प्राणी कागदावर, दवाखान्यात आणि आजारपणात तुमचाच असेल, त्याचा नाही. तो सहलीला गेला की खायला तुम्हीच घालणार आहात.

तुमच्या ता. क. बद्दल. आपल्या घरातल्या पाली विषारी नसतात. त्यांना विषाच्या ग्रंथीच नाहीत. दुधात पाल पडली तर दूध विष होत नाही, पण ते जंतूंनी खराब होतं, त्यामुळे ओतूनच टाका आणि भांडं साबणाने घासून कडकडीत पाण्याने धुवा. दुधावर झाकण ठेवा, सासूबाईंना सांगा की पाल झाडूने मारू नका, कागदाने बाहेर सारा. बहुधा ती वहीतलीच असेल, आणि तिचं नाव मुलाला विचारावं लागेल.